दोष कोणाच्या माथीं?

राजकारणी पुरुषाच्या प्रामाणिकपणाची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या घरांतून ती बहुधा पैशाशीं येऊन थांबते. अमक्यानें किती खाल्ले, तमक्याचा बंगला कोणाच्या जिवावर उठला, फलाण्याच्या जावयास परवाना कसा मिळाला, हा जेवणानंतर सुपारीबरोबर चघळण्याचा विषय होऊन बसला आहे. उलट, लाच न घेणारा एखादा मंत्री आढळलाच, तर तेवढ्या भांडवलावर त्यास रामशास्त्र्यांच्या पंक्तीस बसवून आपण मोकळे होतों. रामशास्त्र्यांना आज मुद्दामच बाजूस ठेवूं. त्या थोर पुरुषाच्या नांवाचा आपण इतका वापर केला आहे कीं, त्यांना थोडी विश्रांति देणें हेंच त्यांच्या स्मृतीस शोभेल.

पैसा न खाणें हा गुण आहे, यांत वाद नाहीं. परंतु राजकारणी मनुष्याच्या शीलाची परीक्षा पाहावयाची असेल तर त्याचा खिसा चाचपून भागत नाहीं. तोंडून एखादें भलतें विधान जातें, हाताखालच्या माणसाकडून घोटाळा होतो, आणि एके दिवशीं तें सारें चव्हाट्यावर येतें. त्या वेळीं तो दोष कोणाच्या माथीं मारावयाचा, हा प्रश्न पुढाऱ्यापुढें उभा राहतो, आणि त्याचें उत्तर त्यास एकट्यानेंच द्यावें लागतें. घरीं दूध उतूं गेलें म्हणजे शेगडीवर पातेलें कोणी ठेवलें होतें याचा शोध जसा लगेच सुरू होतो, तसाच तो राज्यकारभारांतहि होतो. फरक इतकाच कीं, तेथें उतूं गेलेलें दूध लोकांचें असतें.

या दृष्टीनें पाहूं गेल्यास, आपल्या प्रांतांतील एक उदाहरण आम्हांस इतर सर्वांहून विचारणीय वाटतें. तें ज्यांचें, त्यांना त्यापायीं वाहवा मिळाली नाहीं, उलट कित्येक वर्षें टोमणेच ऐकावे लागले.

सन १८९७ हें साल पुण्याच्या जुन्या घराण्यांतून अजूनहि सांगितलें जातें. आदल्या वर्षीं मुंबईंत उद्भवलेली प्लेगची सांथ पुण्यांत पसरली होती. फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चपासून रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घरोघर शिरूं लागले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कशाचाच विधिनिषेध राहिला नाहीं. रोगी इस्पितळांत, घरची मंडळी छावणींत, आणि कपडालत्ता जाळावयास, असा प्रकार गल्लोगल्लीं चालला. लोकांच्या मनांत या गोष्टीचा किती संताप सांचला असेल याची कल्पना, ज्यांनीं आपल्या आजीपणजीच्या तोंडून त्या हकीकती ऐकल्या आहेत, त्यांस सहज येईल.

फर्ग्युसन कॉलेजांतील प्रोफेसर गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं विलायतेंत होते. वय अवघें एकतीस. हिंदुस्थानच्या राज्यखर्चाची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास ते गेले होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बानर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर अशी मुरलेली मंडळी साक्षीदार असतांहि या तरुण प्रोफेसरानें आंकड्यांच्या जोरावर कमिशनवर छाप पाडली, आणि त्याचें नांव दोन्ही देशांत झालें. कीर्तीच्या या पहिल्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोंच पुढचा प्रसंग आला.

पुण्याहून त्यांना मित्रांचीं पत्रें येत असत, आणि त्यांत सोजिरांच्या वर्तनाविषयीं भयंकर हकीकती असत. त्यांतच २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. महाराणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झालीं म्हणून त्या रात्रीं दिव्यांची रोषणाई होती. विलायतेंत पुणेकरांविरुद्ध एकच गिल्ला उठला. आपल्या गांवच्या लोकांनीं काय सोसलें हें तेथील जनतेस कळावें, या हेतूनें गोखल्यांनीं मँचेस्टर गार्डियन पत्राच्या प्रतिनिधीस मुलाखत दिली. सोजिरांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला, व त्यांपैकीं एकीनें नंतर जीव दिला, असें आपणांस पुण्याहून कळलें आहे, असें ते तींत बोलून गेले.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँढर्स्ट यांनीं हा आरोप साफ खोटा ठरविला. पुरावा आणा, अशी मागणी झाली. पुरावा पत्रांखेरीज दुसरा नव्हता. जुलैच्या अखेरीस गोखल्यांची बोट मुंबईच्या बंदरांत लागली तेव्हां पोलीस कमिशनर स्वतः बोटीवर हजर झाले. याच सुमारास, २७ जुलै रोजीं, टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. शहरांत कोणावर केव्हां काय प्रसंग येईल याचा नेम नव्हता. अशा वेळीं ज्यांनीं पत्रें लिहिलीं होतीं, त्यांजकडे गोखल्यांनीं पुरावा मागितला, आणि तो कोणाकडूनहि मिळेना.

आतां त्यांच्यापुढें कोणकोणते मार्ग होते तें पाहा. पत्रलेखकांचीं नांवें सांगून टाकावीं, म्हणजे स्वतःची सुटका होत होती. मीं जें ऐकलें तें सांगितलें, खरेंखोटें लिहिणारे जाणोत, असें म्हणण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. तिसरा मार्ग सर्वांत सोपा, आणि राजकारणांत सर्वांत अधिक चालणारा. तो म्हणजे गप्प बसणें. लोक गोखल्यांच्या बाजूचेच होते. सरकारविरुद्ध केलेल्या आरोपाचा पुरावा मागावा असें पुण्यांत त्या वेळीं कोणाच्या मनांत येण्याचा संभव नव्हता. नुसतें मौन धरलें असतें तरी लोकांच्या दृष्टीनें ते वीर ठरले असते.

गोखल्यांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. न्यायमूर्ति रानडे प्रभृति वडीलधाऱ्यांशीं विचारविनिमय करून त्यांनीं ऑगस्टच्या आरंभीं गव्हर्नर, प्लेग कमिटीचे सभासद आणि सोजीर या सर्वांची बिनशर्त माफी मागितली, आणि ती येथील व विलायतच्या वर्तमानपत्रांत छापविली. पत्र लिहिणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव मात्र त्यांनीं दिलें नाहीं. तीं नांवें सरकारच्या हातीं पडलीं असतीं तर त्या गृहस्थांची त्या दिवसांत काय अवस्था झाली असती, हें वाचकांस सांगावयास नको.

या माफीनें पुण्यांत केवढें वादळ उठलें! भित्रा, कच्च्या दिलाचा, सरकारास शरण जाणारा, अशीं नांवें त्यांस ठेवण्यांत आलीं. केसरीनें झोड उठविली. दुसऱ्या अंगानें अँग्लो-इंडियन पत्रें हंसलीं तीं निराळींच. ज्यांच्यासाठीं बोलले ते उलटले, आणि ज्यांची माफी मागितली त्यांनीं हिणवलें.

खरें सांगावयाचें तर, त्या माफीविषयीं आम्हांसहि एक गोष्ट खटकते. सिद्ध न होणारा एक आरोप मागें घेणें हें कर्तव्यच होतें. परंतु त्याबरोबर सर्व सोजिरांपुढें हात जोडण्याची गरज नव्हती. पुण्यानें जो जाच सोसला तो खोटा नव्हता. घरांची विटंबना झाली होती, ती शेंकडों लोकांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. बिनशर्त या एका शब्दानें त्या खऱ्या दुःखावरहि पडदा पडल्यासारखें झालें, आणि पुणेकरांस चीड आली ती यामुळें. टिळकपक्षाची टीका केवळ द्वेषमूलक होती असें जें कांहीं चरित्रकार सुचवितात, तें आम्हांस मान्य नाहीं. शिवाय, परक्या देशांत, स्त्रियांच्या अब्रूविषयींचें इतकें गंभीर विधान ऐकीव माहितीवर करणें ही मूळची चूक होतीच.

परंतु चूक झाल्यावर त्या मनुष्यानें काय केलें, हा आपला विषय आहे. गोखल्यांनीं तो सारा भार स्वतःच्या डोक्यावर घेतला, खालीं कोणाच्याहि डोक्यावर उतरूं दिला नाहीं, आणि पुढें प्लेग निवारणाच्या कामीं स्वयंसेवकांसह पुण्यांत गल्लोगल्ली हिंडून राबले. आपण ज्यांच्या वतीनें बोललों त्यांच्याच दारांत, त्यांचेच टोमणे ऐकत काम करणें हें किती कठीण, तें ज्यानें एकदां तरी गांवाचा रोष पत्करला असेल तोच जाणे. माफी मागणारा मनुष्य त्यानंतर बहुधा गांव सोडतो, निदान कांहीं दिवस दार तरी लावून घेतो.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले, १९०२ पासून कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलांत बसूं लागले, आणि तेथें अंदाजपत्रकावरील त्यांचीं भाषणें सुरू झालीं म्हणजे अर्थखात्याचे अधिकारी सावरून बसत. त्या भाषणांत एक आंकडा चुकीचा सांपडत नसे, अशी त्यांची ख्याति होती. १८९७ च्या त्या मुलाखतीचा चटका आयुष्यभर लागून राहिला म्हणून हा कांटेकोरपणा आला, कीं तो मूळचाच गणिताच्या शिक्षकाचा पिंड होता, हें ठरविणें कठीण. आम्हांस दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. १२ जून १९०५ रोजीं त्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदांनीं घ्यावयाच्या सात प्रतिज्ञांत पैसा मिळविण्याच्या मागें न लागण्याची एक आहे, तशीच खाजगी आयुष्य शुद्ध राखण्याची एक, आणि कोणाशींहि वैयक्तिक भांडण न करण्याची एक आहे. आज या शेवटच्या प्रतिज्ञेवर सही करण्यास कोणत्या पक्षाचे किती पुढारी पुढें येतील, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्याशीं करावा! १९१४ सालीं सरकारनें देऊं केलेली सर ही पदवीहि त्यांनीं नाकारली.

येथवर पाहिलें तें अधिकारावर नसलेल्या पुढाऱ्याचें. हातीं सत्ता आली म्हणजे प्रश्न अधिक बिकट होतो. मंत्री कांहीं स्वतः प्रत्येक कागद लिहीत नाहीं. त्याच्या नांवानें शेंकडों माणसें कारभार करीत असतात. त्यांतील एखाद्यानें घोटाळा केला तर मंत्र्याचा त्यांत दोष किती? इंग्लंडांत या प्रश्नाचें गाजलेलें उदाहरण १९५४ सालचें आहे. क्रिचेल डाऊन नांवाच्या ठिकाणीं लष्करी विमानांच्या सरावासाठीं १९३८ मध्यें सुमारें सवासातशें एकर जमीन सरकारनें घेतली होती. युद्धानंतर ती मूळ मालकांस परत देण्याऐवजीं शेतकी खात्याच्या अधिकाऱ्यांनीं टोलवाटोलवी केली, आणि चौकशींत त्यांच्यावर ठपका आला. शेतकीमंत्री सर टॉमस डग्डेल यांनीं, माझ्या खात्याचें जें झालें तें माझें, असें मानून पार्लमेंटांत राजीनामा दिला. प्रश्न होता थोड्या एकरांचा, परंतु मंत्र्यांच्या जबाबदारीची गोष्ट निघाली कीं इंग्रज लोक अजून त्याचा दाखला देतात.

आपल्याकडे या प्रश्नाचा सोक्षमोक्ष चार वर्षांनीं मुंबईंत लागला, आणि त्या कथेंत एक विलक्षण योगायोग आहे. तो समजण्यास १९५१ पर्यंत मागें जावें लागेल. मुंबईच्या सोनेंचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडून पैसे घेऊन सभागृहांत त्यांच्या सोयीचे प्रश्न विचारल्याचा आरोप त्या वेळच्या हंगामी पार्लमेंटाचे एक सभासद हु. गो. मुद्गल यांच्यावर आला. चौकशी समितीनें तो खरा ठरविला. पंडित नेहरूंनीं स्वतः त्यांना काढून टाकण्याचा ठराव मांडला. मतें घेण्यापूर्वीं मुद्गलांनीं राजीनामा दिला, तरी हा गृहस्थ काढून टाकण्यासच पात्र होता असें सभागृहानें नोंदवून ठेवलें. त्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी.

आतां १९५७. आयुर्विम्याचा धंदा आदल्याच वर्षीं सरकारच्या ताब्यांत आला होता. तो घेणारे अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीं १९५६ सालीं राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागीं कृष्णम्माचारी आले. विमा महामंडळाच्या तिजोरींतील पैसा म्हणजे कारकुनांनीं, शिक्षकांनीं, विधवांच्या पुढच्या सोयीसाठीं महिन्याच्या पगारांतून बाजूस काढलेला पैसा. त्यांतील सुमारें सव्वा कोट रुपये जून १९५७ मध्यें हरिदास मुंदडा नांवाच्या सट्टेबाजाच्या सहा कंपन्यांच्या शेअरांत घातले गेले, आणि तेहि महामंडळाच्या गुंतवणूक समितीस न विचारतां. डिसेंबरांत हें प्रकरण लोकसभेंत बाहेर काढलें तें फिरोज गांधी यांनीं. ते सरकारपक्षाचे सभासद होते, आणि मुख्य प्रधानांचे जांवईहि होते. सासऱ्याच्या मंत्रिमंडळावर भर सभेंत असा वार करणारा जांवई आपल्या समाजांत दुर्मिळच!

मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांचें एकसदस्य कमिशन जानेवारी १९५८ मध्यें नेमलें गेलें. चौकशी उघड चालली. दालनांत जागा पुरेना म्हणून बाहेरच्या लोकांसाठीं ध्वनिक्षेपक लावावे लागले. विम्याचे हप्ते भरणारी साधी माणसें अर्थमंत्र्याची साक्ष कान देऊन ऐकत उभीं आहेत, हें दृश्य या देशांत प्रथमच दिसलें. आणि त्यांनीं ऐकलें काय? मंत्री म्हणत होते, या व्यवहारास माझी संमति नव्हती. अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल म्हणत होते, मंत्र्यांस विचारूनच सारें झालें. दोघेहि बुद्धिमान, दोघेहि कारभारांत मुरलेले. पैशाचा डाग दोघांपैकीं कोणावरहि नव्हता. प्रश्न इतकाच उरला कीं, केलें कोणी?

छागलांनीं फेब्रुवारींत दिलेला निर्णय स्पष्ट होता. सचिवानें जें केलें त्याची जबाबदारी घटनेप्रमाणें मंत्र्याची; तो हाताखालच्या माणसाच्या आड उभा राहूं शकत नाहीं. कृष्णम्माचारी यांनीं राजीनामा दिला. सात वर्षांपूर्वीं दुसऱ्याच्या वर्तनाची चौकशी करणारा पुरुष आतां स्वतः चौकशीच्या पिंजऱ्यांतून बाहेर पडला. त्यांच्या कर्तृत्वाविषयीं आम्हांस आदर आहे, आणि लोखंडाच्या कारखान्यांपासून पुढें त्यांनीं केलेलें काम विसरण्यासारखें नाहीं. तरीहि साक्षीच्या वेळीं त्यांच्या तोंडून, सचिवाचें तें माझें, एवढें वाक्य निघतें तर! राजीनामा तेव्हांहि द्यावाच लागला असता. पण तो मागून घेतलेला ठरला नसता.

याच्या उलट, १९५६ च्या अखेरीचा एक राजीनामा आठवतो. सप्टेंबर १९५६ मध्यें महबूबनगरजवळ रेल्वेचा पूल कोसळून शंभराहून अधिक उतारू मृत्यु पावले. रेल्वेमंत्री लालबहादुर शास्त्री यांनीं राजीनामा पुढें केला. नेहरूंनीं तो परत दिला. नोव्हेंबरांत मद्रास प्रांतांत अरियलूरला पुन्हां तसाच अपघात घडला. शास्त्रीजींनीं पुन्हां राजीनामा दिला, आणि या खेपेस मागें घेतला नाहीं. पुरानें रूळ वाहून गेले त्यांत दिल्लींत बसलेल्या मंत्र्याचा हात कोणता, असें विचारणारे त्या वेळींहि होते. नेहरूंनीं लोकसभेंत सांगितलें तें असें कीं, शास्त्री दोषी आहेत म्हणून आपण राजीनामा घेत नाहीं, राज्यकारभारांत एक रीत पडावी म्हणून घेतों. खालच्या कोणा स्टेशनमास्तराचें वा इंजिनियराचें नांव शास्त्रीजींनीं पुढें केलें नाहीं, हें आम्हांस त्या राजीनाम्याहूनहि मोठें वाटतें.

याचा अर्थ जो तो उठून राजीनामा देऊं लागला म्हणजे नीति आली, असा नाहीं. पुढें पुढें राजीनाम्याचेंहि सोंग झालें. सकाळीं द्यावा, सायंकाळीं अनुयायांनीं घोषणा कराव्या, आणि दुसऱ्या दिवशीं लोकाग्रहास्तव परत घ्यावा, असे तमाशे आपण पुष्कळ पाहिले. २००३ पासून निवडणुकीच्या प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण व अंगावरचे फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयानें हें करावयास लाविलें, आणि तें उपयोगाचें आहे. मत देण्यापूर्वीं घरांतील तरुण मंडळींनीं तीं प्रतिज्ञापत्रें एकदां वाचून पाहावींत, अशी आमची शिफारस आहे. किती तोळे सोनें, किती एकर जमीन, कोणत्या बँकेंत किती, सारें तेथें मिळतें. हाताखालच्या माणसावर दोष ढकलण्याची वेळ आली असतां या गृहस्थानें पूर्वीं काय केलें, याचा रकाना मात्र त्यांत नाहीं. तो आपण आपल्या आठवणीवरच भरावयाचा.

मुंदडा प्रकरणांतील मंडळींचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. कृष्णम्माचारी १९६२ सालीं मंत्रिमंडळांत परत आले, पुन्हां अर्थमंत्री झाले, आणि १९६५ च्या अखेरीस दुसऱ्यांदा पायउतार झाले. एच. एम. पटेल यांनीं सरकारी नोकरी सोडली, आणि गुजराथेंत वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणसंस्थांचें काम हातीं घेऊन तेथें कित्येक वर्षें घालविलीं. १९७७ सालीं दिल्लींत सरकार बदललें, आणि ज्या खात्यांतून त्यांस बाहेर पडावें लागलें होतें, त्याच अर्थखात्याचे ते मंत्री झाले.